सायकलचे बूट घातले की चवडा पेटतो: नवा सुकतळा घेण्याआधी आणि घेताना काय तपासायचं

पुण्यातल्या आमच्या सायकल ग्रुपमध्ये कुणाचा पाय दुखायला लागला की गेली बरीच वर्षं तो बूट पिशवीत घालून माझ्याकडे येतो. मी डॉक्टर नाही. पण आधी माझा पाय, मग बायकोचा, मग ग्रुपमधल्या एकेकाचा, असं हे एकच दुखणं पुन्हापुन्हा निस्तरताना तपासण्यांचा एक क्रम हातात बसला आहे. तक्रार जवळजवळ ठरलेल्या शब्दांत येते: "क्लीटचे बूट घ्यायच्या आधी त्रास नव्हता. आता पन्नास किलोमीटर झाले की चवडा पेटतो. कुठला इनसोल घेऊ?"

क्लीट म्हणजे बुटाच्या तळाला स्क्रूने बसवलेला, पॅडलमध्ये अडकणारा तुकडा. इनसोल म्हणजे आपला सुकतळा, बुटाच्या आत पायाखाली असतो तो. तो बदलून फरक पडतो, खूप पडतो, पण आधीच्या चार-पाच गोष्टी तपासल्या असतील तरच. मी पाहिलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांना शेवटी नवा सुकतळा लागलाच नाही. उरलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी माझ्याकडे येण्याआधीच चुकीचा विकत घेतला होता, आणि त्यांचं दुखणं वाढलं होतं.

लक्षणं

तुमचं दुखणं यातलं कुठलं, ते आधी नीट ओळखा. शक्य असेल तर राइड संपल्यावर लगेच कागदावर लिहून ठेवा, कारण दुसऱ्या दिवशी नक्की कुठलं बोट होतं ते आठवत नाही.

– चवड्याच्या मधोमध आग. सुरुवातीला सुखाची ऊब वाटावी तशी, मग निखाऱ्यावर पाय ठेवल्यासारखी.
– तिसऱ्या आणि चौथ्या बोटाच्या मध्ये मुंग्या किंवा विजेचा झटका. मोज्याला घडी पडली आहे असं वाटतं, पण काढून बघावं तर घडी नसते.
– पुढची सगळी बोटं बधिर.
– करंगळीच्या बाजूला, पायाच्या बाहेरच्या कडेला दुखणं किंवा घट्टा.
– तळव्याच्या खळग्यात थकवा, कधी गोळा येणं.
– चढावर जोर लावताना टाच बुटातून उचलली जाणं.
– चढावर एक गुडघा आतल्या बाजूला, सायकलच्या नळीकडे झुकणं. हे स्वतःला दिसत नाही, मागून येणाऱ्याला विचारा.

पहिल्या तीन लक्षणांची एक खूण अशी, की बूट काढून पाच-दहा मिनिटं बसलात तर आराम पडतो आणि पुन्हा निघालात की थोड्याच वेळात परत येतं. तुमचं असंच होत असेल तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. बूट काढूनही तासन्‌तास बधिरपणा जात नसेल तर मधलं सोडून थेट शेवटच्या भागाकडे जा.

दोन दुखणी या यादीत मुद्दाम घेतलेली नाहीत. सकाळी अंथरुणातून उठून पहिलं पाऊल टाकताना टाचेत कळ येते, ते दुखणं वेगळं. आणि टाचेच्या मागची जाड शीर दुखते तेव्हा मी आधी सीटची उंची आणि क्लीटची जागा बघतो, सुकतळ्याकडे वळतच नाही.

हे होतं कशामुळे

चवड्यात पाच लांब हाडांची टोकं शेजारीशेजारी असतात आणि त्यांच्या मधल्या फटींतून बोटांकडे जाणारे मज्जातंतू असतात. चालताना आधी टाच टेकते, मग वजन पुढे सरकतं, चवडा क्षणभर दाबला जाऊन सुटतो. सायकलवर टाच टेकतच नाही. सगळा जोर चवड्यावर, त्यातही क्लीटच्या वरच्या बेताच्याच जागेवर, आणि बुटाचा तळ कडक असल्याने पाय वाकतही नाही. मिनिटाला ८५ फेरे धरले तर तासाला एकेका पायाचे ५,१०० दाब होतात. २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला, म्हणजे ठरलेल्या वेळात पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइडला, साडेतेरा तासांची मुदत असते. थांबे, उतार वजा केले तरी एकेक पाय तीस-पस्तीस हजार वेळा त्याच जागी दाबला जातो.

त्यात पाय तापतो आणि सुजतो. बूट मात्र आहे तेवढाच राहतो. हाडं एकमेकांकडे ढकलली जातात आणि मधला मज्जातंतू चेपतो. मेंदूला ती आग वाटते. म्हणजे आग वाटली तरी मूळ कारण बहुतेक वेळा दाब असतं. बुटावर पाणी ओतून क्षणभर बरं वाटतं आणि परत पेटतं, ते त्यामुळेच. पुढची प्रत्येक तपासणी एकाच प्रश्नाचं उत्तर शोधते: हा दाब कुठून येतोय?

पहिली तपासणी: पट्टे आणि मोजे (खर्च शून्य)

पुढच्या राइडला बोटांकडचा पट्टा जेमतेम टेकेल इतकाच लावा. टाच जागेवर धरायचं काम घोट्याकडच्या वरच्या पट्ट्याचं आहे, पुढच्याचं नाही. पट्ट्यांऐवजी डायल फिरवून आवळायचे बूट असतील तर निघताना थोडे सैल वाटतील असे ठेवा आणि तासाभराने, पाय सुजायला लागण्याच्या आधीच, आणखी एखादा खटका सैल करा. दुखायला लागल्यावर सैल करून उपयोग कमी, कारण तोवर मज्जातंतू चिडलेला असतो.

बहुतेक जण उलट करतात. घाट आला की पट्टे आवळतात. कात्रजपासून खंबाटकीपर्यंत बरे असलेले पाय वाईच्या पुढे पसरणीत पेटतात, आणि त्याचं श्रेय सगळे चढाला देतात. चढाचा हात आहेच, पण पट्टा आवळलेला असतो हेही तितकंच खरं.

मोजे बदलून बघा. जाड सुती मोजा घाम धरतो आणि बुटातली जागा खातो. पातळ, घाम सुकवणारा मोजा घातल्यावर बुटात जी जागा होते ती बघून आश्चर्य वाटतं. मोज्याची बोटांवरची शिवण कुठे येते तेही बघा.

दुसरी तपासणी: सुकतळा बाहेर काढा

हे इतकं सोपं आहे, तरी माझ्याकडे आलेल्यांपैकी फार थोड्यांनी केलेलं असतं. बुटाबरोबर आलेला सुकतळा बाहेर ओढून काढा. बुटात हात घालून तळ चाचपा. ज्या बुटांना दोन स्क्रूचं क्लीट बसतं, त्यांच्या आत एक सरकती पत्र्याची पट्टी असते आणि तिच्यावर एक चिकट कागद लावायचा असतो. तो लावलेलाच नसेल किंवा पावसात सुटून गुंडाळला गेला असेल, तर पट्टीची कड नेमकी चवड्याखाली टोचते. क्लीटचा स्क्रू प्रमाणाबाहेर लांब असेल तर त्याचं टोकही वर येतं. एका मावशींचा सहा महिन्यांचा त्रास केवळ त्या गुंडाळलेल्या कागदामुळे होता.

आता सुकतळा जमिनीवर ठेवून त्यावर अनवाणी उभे राहा. पाय त्याच्या कडेबाहेर सांडतो का? करंगळीचा भाग फरशीवर येत असेल तर बूट अरुंद आहे आणि कितीही महागाचा सुकतळा आणला तरी तो रुंद होणार नाही. अंगठ्याच्या पुढे साधारण अर्धं बोट जागा हवी.

मग तो उलटसुलट करून बघा. चवड्याखाली खड्डा पडून काळपट चकाकी आली असेल तर फोम बसलाय. दोन पावसाळे काढलेला सुकतळा बहुधा असाच असतो: कडेला वळलेला, मध्ये कागदासारखा. अशा वेळी तसाच साधा नवा घालूनही काही जणांचं काम भागतं.

तिसरी तपासणी: बुटाची रुंदी, संध्याकाळी

वरची परीक्षा संध्याकाळी, शक्यतो राइडनंतर करा. सकाळचा पाय आणि चार तास चालवल्यानंतरचा पाय सारखा नसतो. आपल्यापैकी अनेकांचा जन्म चपलांत गेलेला, पुढे बोटं पसरलेली. सायकलचे बरेचसे बूट मात्र पुढे निमुळते. ऑनलाइन मागवताना लोक लांबीचा नंबर बघतात, रुंदीचा बघत नाहीत. मग पाय मावत नाही म्हणून एक नंबर मोठा घेतात, त्यात टाच सुटते, टाच सुटते म्हणून पट्टे आवळतात, आणि आपण पहिल्या तपासणीवर परत येतो. काही कंपन्या त्याच मॉडेलचा रुंद प्रकार करतात, तो वेगळा मागावा लागतो.

दोन्ही पाय सारखे नसतील तर बूट मोठ्या पायाला घ्या. लहान पायाच्या बुटात सुकतळ्याखाली एखाद्या मिलिमीटरचा पातळ तुकडा घालून ती जागा भरता येते.

बूट अरुंद निघाला तर इथेच थांबा. सुकतळ्याचे पैसे वाचवा आणि बुटात घाला.

चौथी तपासणी: क्लीट मागे

एक ॲलन की आणि पेन लागेल. बूट घालून, पायाच्या आतल्या बाजूला अंगठ्याच्या मुळाशी जो उंचवटा लागतो तिथे बुटावर खूण करा. बाहेरच्या बाजूला करंगळीच्या मुळाशी दुसरी. क्लीटचा मध्य या दोन खुणांच्या दरम्यान यायला हवा. दुकानातून बसवून दिलेले क्लीट पुष्कळदा पहिल्या खुणेच्या पुढेच असतात, म्हणजे बोटांकडे, आणि मग सगळा दाब हाडांच्या टोकांवर पडतो.

हलवण्याआधी सध्याच्या क्लीटभोवती पेनाने रेघ मारा, म्हणजे बिघडलं तर परत आणता येईल. मग दोन-तीन मिलिमीटर टाचेकडे सरकवा. फार वाटत नाही, पण चवड्याला लगेच कळतं. फरक पडला आणि अजून थोडं दुखतंय असं वाटलं तर आणखी दोन. लांब पल्ल्याचे कितीतरी चालक क्लीट जमेल तितकं मागेच ठेवतात. क्लीट बरंच मागे गेलं तर सीट किंचित खाली घ्यावी लागते, ते लक्षात असू द्या. स्क्रूला थेंबभर ग्रीस लावून ५ ते ६ न्यूटन मीटरवर कसा. ढिला राहिला तर क्लीट पायाखाली फिरतं आणि पॅडलमधून पाय सुटत नाही, सिग्नलला पडायची वेळ येते.

क्लीटचा कोन बदलायच्या भानगडीत शक्यतो पडू नका. तीन स्क्रूच्या शिमानो क्लीटमध्ये लाल रंगाला अजिबात हालचाल, म्हणजे पॅडलवर पाय डावीउजवीकडे वळायची मोकळीक, नसते, निळ्याला २ अंश आणि पिवळ्याला ६ अंश. लाल लावलेलं असेल आणि गुडघा किंवा पायाची बाहेरची कड दुखत असेल तर पिवळं लावून बघणं हा सोपा उपाय आहे.

पाचवी: सीट आणि गिअर

सीट उंच असेल तर पॅडल खाली जाताना पाय ते गाठायला बोटं खाली करतो आणि सगळा भार चवड्याच्या पुढच्या टोकावर येतो. भिंतीला धरून बसा, टाच पॅडलवर ठेवा, पॅडल सर्वात खाली. गुडघा जेमतेम सरळ व्हायला हवा आणि कंबर एका बाजूला झुकायला नको. हे काही शास्त्रशुद्ध मोजमाप नाही, पण ढोबळ चूक पकडायला पुरतं.

गिअरचं थोडक्यात: मिनिटाला ६० फेरे मारणारा माणूस तेवढ्याच वेगासाठी प्रत्येक फेऱ्याला जास्त दाब देतो. हलक्या गिअरवर ८०-८५ फेरे ठेवून बघा. दर पंधरा-वीस मिनिटांनी उताराला पाच-सहा फेरे पाय सोडून द्या, बोटं बुटात हलवा.

इथवर पैसे जवळपास लागलेले नाहीत. प्रत्येक बदलानंतर निदान दोन राइड करा, आणि एका वेळी एकच बदल करा. तीन गोष्टी एकदम बदलून बरं वाटलं तर कशाने वाटलं ते कधीच कळत नाही, आणि पुढच्या बुटाला सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

सहावी: आता सुकतळा

इथे मी सविस्तर लिहिणार आहे, कारण पैसे इथेच वाया जातात.

पहिली चूक मऊपणाची. चवडा दुखतो म्हणजे खाली मऊ काहीतरी हवं, हे स्वाभाविक वाटतं. म्हणून लोक औषधाच्या दुकानातून जेलचे सुकतळे आणतात. चालायच्या बुटात, टाचेच्या दुखण्याला ते बरे असतील. सायकलच्या बुटात मात्र ते दोन बाजूंनी नडतात. एक, जाड असतात, त्यामुळे पाय वर उचलला जाऊन बुटाच्या छतावर दाबला जातो. म्हणजे ज्या दाबामुळे आग होते तोच वाढतो. दोन, मऊ थरात हाडांची टोकं रुतत जातात आणि मधल्या मज्जातंतूला मोकळीक मिळत नाही. पहिले वीस किलोमीटर छान वाटतं. साठाव्या किलोमीटरला पूर्वीपेक्षा वाईट.

धावायच्या बुटांचे सुकतळेही तसेच. त्यांची टाच जाड असते कारण धावताना टाच आपटते. सायकलवर टाच आपटत नाही, मग ती जाडी फक्त टाच बुटाच्या वाटीतून वर काढते आणि चढावर पाय निसटतो.

सायकलच्या सुकतळ्याने करायचं काम एकच: तळव्याचा खळगा आणि बूट यांच्यामधली पोकळी भरणं. बुटाबरोबर येणारा सुकतळा बहुधा सपाट असतो. तळवा टाचेपाशी आणि चवड्यापाशी टेकतो, मधला भाग अधांतरी. मधल्या भागाला टेका मिळाला तर तोही थोडा भार उचलतो आणि चवड्यावरचा तेवढा कमी होतो. हे काम कडक किंवा निमकडक वस्तूच करू शकते. स्पंजाचा उंचवटा अंगठ्याने दाबला की बसतो, तसाच पायाखालीही बसणार. दुकानात सुकतळा हातात घेऊन कमानीच्या जागी अंगठा जोरात दाबून बघा. सहज सपाट झाला तर परत ठेवा.

मग उंची. कमानीची उंची निवडायला ओल्या पायाच्या ठशाची जुनी युक्ती सगळ्यांना माहीत आहे: पाय भिजवून शहाबादी फरशीवर उभं राहायचं आणि ठसा बघायचा. आतली बाजू भरलेली दिसली तर पाय सपाट, मध्ये बारीक पट्टीच उरली तर खळगा खोल. ही युक्ती अर्धीच आहे. तिला दुसरा भाग जोडा. खुर्चीवर बसून पाय नुसता टेकवून ठसा घ्या, मग पूर्ण वजन देऊन उभं राहून दुसरा घ्या. दोन्हींत किती फरक पडतो ते महत्त्वाचं.

बसताना खळगा दिसतो आणि उभं राहिल्यावर जवळजवळ नाहीसा होतो, असा पाय मी सर्वात जास्त पाहिला आहे. वजन आल्यावर कमान बसते, घोटा आत झुकतो, त्यामागे गुडघाही. अशा पायाला मध्यम उंचीचा, कडक सुकतळा बहुधा मानवतो. सर्वात उंच नको. सपाट पाय म्हणून जास्तीत जास्त उंच आधार घेतात आणि खळग्यात दगड ठेवल्यासारखं होतं.

खळगा खोल आणि उभं राहूनही तसाच राहतो, तो पाय ताठ असतो. त्याला उंच कमानीचा लागतो, कारण पोकळीच मोठी आहे. या पायांची चवड्याची तक्रार सर्वात तीव्र असते, आणि बरोबर सुकतळा मिळाल्यावर फरकही सर्वात ठळक पडतो. माझा पाय असाच आहे. बसतानाही सपाट, उभं राहूनही सपाट, आणि काही दुखत नाही, असं असेल तर पातळ, कमी उंचीचा घ्या किंवा काहीच घेऊ नका. निव्वळ सपाट आहे म्हणून पाय उचलून धरायची गरज नसते.

योग्य उंचीची पारख अशी: बूट घालून उभे राहा. खळग्याला सुकतळा टेकलेला जाणवावा, ढकललेला जाणवू नये. पाच मिनिटांनी त्याचा विसर पडावा. दहा मिनिटांनीही तो मध्येच बोचतोय असं लक्षात राहत असेल तर एक पायरी खालची उंची. कमानीचा सर्वात उंच भाग तुमच्या खळग्याच्या सर्वात खोल भागाखाली येतोय ना, तेही बघा. काही सुकतळ्यांत तो फार पुढे असतो आणि चवड्याच्या मागच्या कडेला टोचतो.

बसवताना जुना सुकतळा काढून मगच नवा घाला. हे लिहावं लागतंय कारण एकावर एक घातलेले दोन सुकतळे मी कितीतरी बुटांतून काढले आहेत. नवा मोठा असेल तर जुना त्यावर ठेवून, टाचा बरोबर जुळवून, फक्त बोटांकडून कापा. टाचेची कड किंवा कमानीची कड कधी कापू नका. एकदम पूर्ण रेघेवर न कापता दोन मिलिमीटर राखून कापा, घालून बघा, मग उरलेलं. कड बुटाच्या भिंतीवर चढली तर तिथे घडी पडून नवीच जखम होते.

नवा सुकतळा पायाला वर उचलतो, त्यामुळे पट्टे पुन्हा पहिल्यापासून लावा. जुन्या भोकावर किंवा जुन्या खटक्यावर लावलेत तर नवीन आधार असूनही पाय आवळला जाईल आणि दोष सुकतळ्याला मिळेल. तो बराच जाड असेल तर सीटही तेवढी वर घ्यायची वेळ येते.

पहिल्याच दिवशी पाचगणीला नेऊ नका. आधी घरात तासभर, मग वीस किलोमीटर, मग पन्नास. तळव्याला नवा टेका सवयीचा व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. त्या काळात खळग्यात हलका थकवा आला तर चालेल, तीक्ष्ण कळ आली तर नाही.

उष्णता देऊन पायाच्या आकाराचे करून घ्यायचे सुकतळेही मिळतात. पाय सर्वसाधारण असेल तर तयार मिळणाऱ्या तीन उंचींपैकी एक बसतोच, त्यासाठी ते घ्यायची गरज मला तरी क्वचित दिसली. घेतलेच तर एप्रिल-मे महिन्यात बूट गाडीच्या डिकीत ठेवू नका, आकार बिघडू शकतो. पावसाळ्यात राइडनंतर कुठलाही सुकतळा बाहेर काढून सावलीत वाळवा, बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा. आतच वाळू दिला की कडा वळतात.

सातवी: चवड्यामागची उशी

सगळं करूनही तिसऱ्या-चौथ्या बोटातल्या मुंग्या उरल्या तर थेंबाच्या आकाराची एक छोटी उशी सुकतळ्यावर चिकटवतात. ऑर्थोपेडिक साहित्याच्या दुकानात मेटाटार्सल पॅड म्हणून मागा. ती हाडांच्या टोकांखाली नाही, त्यांच्या थोडी मागे, टाचेच्या बाजूला बसवायची. मागून उचलल्यावर हाडं पंख्यासारखी पसरतात आणि मधल्या फटी मोकळ्या होतात. जागा चुकून पुढे गेली तर दुखणाऱ्या ठिकाणीच गोटी ठेवल्यासारखं होतं, म्हणून आधी कागदी चिकटपट्टीने तात्पुरती लावा, एक राइड करा, मागे-पुढे सरकवून जागा सापडल्यावर पक्की करा. सर्वात लहान आणि सर्वात पातळ उशीपासून सुरुवात.

पाचरी, म्हणजे आतली किंवा बाहेरची बाजू उचलणारे तिरके तुकडे, यांना मी हात लावत नाही. त्यांनी पाऊलच नाही, गुडघा आणि कंबरही बदलते. ते डोळ्यांसमोर ट्रेनरवर, म्हणजे जागच्या जागी फिरवायच्या स्टँडवर, सायकल चालवायला लावून बघणाऱ्या बाइक फिटरचं, सायकल अंगाला बरोबर बसवून देणाऱ्याचं, काम आहे.

कुठे थांबायचं

सातव्या तपासणीपर्यंत येऊन महिना-दीड महिना झाला आणि त्रास तसाच आहे, किंवा एकाच पायाला होतोय आणि दुसऱ्याला कधीच नाही, किंवा गुडघा झुकणं थांबत नाही, तर चांगल्या बाइक फिटरकडे जा. पायांच्या लांबीतला फरक किंवा कंबरेचा तिरपेपणा घरी फरशीवर कळत नाही. फिटिंगला काही हजार रुपये जातात, पण चुकीचे तीन सुकतळे आणि एक बूट यांचा खर्च त्याहून कमी नसतो.

पुढच्या बाबतीत मात्र फिटर नाही, थेट डॉक्टर, आणि तोवर सायकल बंद:

– मधुमेह असेल आणि पायात बधिरपणा किंवा जळजळ असेल. बुटाचं कारण असेल असं गृहीत धरून घरी प्रयोग करू नका. मधुमेहात मज्जातंतूंनाच इजा होते, टोचलेलं कळत नाही आणि बारीकशी जखम चिघळते. माझ्याकडे आलेल्या एका काकांना मी पट्टे, क्लीट सगळं करून दिलं आणि रक्तातली साखर विचारायची राहून गेली. त्यांना ती वाढलेली आहे हे नंतर तपासणीत कळलं. तेव्हापासून बूट हातात घेण्याआधी मी तो प्रश्न विचारतो.
– बूट काढून एक दिवस उलटला तरी बधिरपणा गेलेला नाही, किंवा सायकल न चालवताही येतो.
– चालताना पाऊल वर उचलत नाही, चप्पल निसटते, पंजा घासतो.
– मुंग्या कंबरेपासून किंवा मांडीमागून खाली येतात. कारण पाठीत असू शकतं.
– चवड्यावर एकाच हाडावर बोट दाबलं की जीव जाईल अशी कळ, वर सूज. हाडाला बारीक तडा असू शकतो.
– एकाच पोटरीला सूज, गरमपणा आणि दुखणं, विशेषतः लांबच्या प्रवासानंतर. याला थांबायला वेळ नसतो, त्याच दिवशी दाखवा.
– बोटं पांढरी किंवा निळी पडतात, किंवा न भरणारी जखम आहे.

तिसऱ्या-चौथ्या बोटातली विजेसारखी कळ महिनोन्‌महिने असेल तर तिथला मज्जातंतू जाड झालेला असू शकतो. त्याला मॉर्टन्स न्यूरोमा म्हणतात. लवकर दाखवलं तर अनेकदा रुंद बूट, योग्य आधार आणि थोडी विश्रांती यांवर भागतं, उशीर केला तर इंजेक्शन किंवा शस्त्रक्रियेपर्यंत गोष्ट जाऊ शकते. अस्थिरोगतज्ज्ञांकडे जाताना सायकलचे बूट, आतला सुकतळा आणि तुम्ही लिहिलेला कागद बरोबर न्या: कुठलं बोट, किती किलोमीटरला, बूट काढल्यावर किती वेळाने थांबतं, काय काय बदलून झालं. नुसतं "पाय दुखतो" सांगितलं तर डॉक्टर चालायच्या पायाचा विचार करतात, आणि तुमचा पाय तर चालताना दुखतच नाही.